नाव-नंबरचाही फेरफार व्हावा

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

आपल्या पेपरात हल्ली सारखी कुठल्या ना कुठल्या केवायसीची बातमी असते. रेशनची शेवटची तारीख, लाडकी बहीणची मुदतवाढ, पीएम किसानचा हप्ता अडकला, फार्मर आयडी नसेल तर अनुदान नाही, हे सगळं छापून येतं ते चांगलंच आहे कारण लोक तेच कात्रण खिशात घालून आमच्याकडे येतात. पण त्या बातमीत एक गोष्ट कधीच येत नाही. माणूस वेळेत येतो, सगळे कागद आणतो, दिवसाची मजुरी बुडवून बाकावर बसून राहतो आणि तरी काम न होता घरी जातो, कारण ओटीपी ज्या नंबरवर जातोय तो नंबर त्याच्याकडे राहिलेलाच नाही, नाहीतर आधारवर त्याचं नाव एक आहे आणि सातबाऱ्यावर दुसरंच. मी चोपडा तालुक्यातल्या एका गावात ऑनलाइन कामांचं सेवा केंद्र चालवतो आणि हे रोज टेबलाच्या या बाजूनं बघतोय. जमिनीच्या नोंदीचा फेरफार होतो तसाच नाव-नंबरचाही व्हावा, म्हणजे एका ठिकाणी केलेला बदल सगळीकडं जावा, हे सांगायला हे पत्र. थोडं लांब झालंय, पण जमलं तर न कापता छापावं ही विनंती.

एका साध्या शेतकऱ्याच्या घरात आज किती ठिकाणी त्याचं नाव आणि नंबर नोंदलेला आहे ते नुसतं मोजून बघा. आधार, पॅन, रेशनकार्ड, मतदार कार्ड, फार्मर आयडी, महाडीबीटी या सरकारी योजनांच्या पोर्टलचं लॉगिन, ई-पीक पाहणीचं ॲप, बँकेचं खातं आणि त्याचं ॲप, फोनपे नाहीतर गूगल पे, गॅसचं बुकिंग, आयुष्मान कार्ड, दवाखान्याच्या नोंदींचा आभा नंबर, शाळेतल्या पोराचा अपार हा विद्यार्थी आयडी, कंपनीत असलेल्या पोराचा पीएफचा यूएएन नंबर, आणि वरून जीमेल, व्हॉट्सॲप, फेसबुक, इन्स्टा. यातल्या प्रत्येकाला कधीतरी कुणीतरी एक मोबाइल नंबर दिला, एक पासवर्ड टाकला, एक स्पेलिंग लिहिलं, आणि प्रत्येकानं ते आपापल्या वहीत लिहून ठेवलं. पुढं माणसाचा नंबर बदलतो, लग्न होतं, गाव सुटतं, चुकलेलं नाव दुरुस्त होतं, पण एका वहीत बदल झाला तरी दुसऱ्या वहीला त्याचा पत्ता नसतो. सगळा त्रास इथून सुरू होतो.

नंबरचंच घ्या. मध्ये एक नाना आले, फार्मर आयडीचं काम होतं. आधार नंबर टाकला, ओटीपी पाठवला, मी विचारलं नाना फोन वाजला का, तर म्हणे फोन ते घर से, म्हणजे घरी आहे. मग कळालं की आधारला जोडलेला नंबर नानांचा नाहीच, पोऱ्याचा आहे आणि पोऱ्या सुरतला उधन्याला मिलमध्ये पाळीवर आहे. लावला फोन. पलीकडून नुसता मशीनचा आवाज, कुणीतरी म्हणालं थांबा बोलावतो, तेवढ्यात दहा मिनिटं गेली आणि ओटीपी बाद झाला. परत पाठवला. पोऱ्या फोनवर आला पण आकडे काही सांगेना, त्याला वाटलं कुणी फसवतंय, कारण ओटीपी कुणालाही सांगू नका हे त्याला बँक सांगते, पोलीस सांगतात, फोनवर पण तेच ऐकू येतं. शेवटी नानांनी माझ्या हातातून फोन घेतला आणि "मी तुन्हा बाप बोली राहिनू रे" म्हटलं तेव्हा कुठं त्यानं सहा आकडे वाचले. त्या पोराचं काहीही चुकलेलं नाही, तो बरोबरच वागला. चुकीचं हे आहे की सावध राहा म्हणून आपण लोकांना जे शिकवतो त्याच्या बरोबर उलट वागायला त्यांना रोज भाग पाडतो.

नाना निदान नशीबवान, पोराचा नंबर चालू होता. खान्देशातला निम्मा तरुण सुरत, नाशिक, चाकण असा फिरतीवर असतो. तिकडं गेला की तिकडचं सीम घेतो, परत आला की ते रिचार्ज करत नाही, कारण आता सीम नुसतं चालू ठेवायला पण महिन्याला पैसे लागतात. रिचार्ज नाही, वापर नाही, मग कंपनी नंबर बंद करते आणि काही दिवसांनी तोच नंबर दुसऱ्या माणसाला विकते. 2023 साली सुप्रीम कोर्टात हा विषय आला होता तेव्हा ट्रायनं, म्हणजे मोबाइल कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेनं, सांगितलं की बंद झालेला नंबर निदान 90 दिवस दुसऱ्याला देत नाहीत, आणि कोर्टानं म्हटलं की आधीच्या माणसानं आपलं व्हॉट्सॲप वगैरे पुसून टाकायची काळजी घ्यावी. शहरातल्या शिकलेल्या माणसाला हे ठीक आहे. पण ज्या मजुराला माहीतच नाही की आपला नंबर आधारला, बँकेला, पीएफला आणि गॅसला जोडलेला आहे त्यानं काय काय आणि कुठून पुसायचं? आणि नंबर एकदा बंद पडल्यावर पुसायला तरी आत कसं जायचं, तिथंही ओटीपीच मागतात. उलट बाजूचा त्रास पण बघितलाय, नवीन सीम घेणाऱ्या पोरीला भलत्याच माणसाच्या कर्जाच्या वसुलीचे फोन येत होते, तिनं बिचारीनं सीमच फेकून दिलं.

बँकांच्या बाबतीत यावर थोडं काम झालंय हे पण सांगितलं पाहिजे. बंद झालेल्या आणि परत वाटपात गेलेल्या नंबरांची एक यादी तयार होते, रिझर्व्ह बँकेनं जानेवारी 2025 मध्ये बँकांना सांगितलं की ती यादी वापरून आपल्याकडचे नंबर तपासा, आणि यूपीआयसाठी एप्रिल 2025 पासून बँकांनी आणि ॲपवाल्यांनी अशी यादी वापरून आपल्या नोंदी निदान आठवड्याला एकदा ताज्या करायच्या असा नियम आला. म्हणजे करायचं म्हटलं तर होतं. मग हीच यादी योजनांच्या पोर्टलला का लावत नाहीत? नंबर मेलेला आहे हे सरकारी सिस्टीमला आधीच कळालं तर ग्रामपंचायतीकडून निरोप देता येईल की बाबा तुझा नंबर बदलून घे. आज ते कळतं कधी, तर शेवटच्या तारखेला दुपारी, सर्व्हर हळू चालत असताना, आमच्या टेबलावर.

आता नाव. याच्यावर तर एक वेगळं पत्र होईल. आपल्याकडं सातबाऱ्यावर भिकन उर्फ बापू असं लिहिलेलं असतं, आधारवर नुसतं बापू, बँकेत भिकन, आणि माणूस एकच, गावात लहान पोरगं पण सांगेल. चौधरीच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये कुठं ए-यू तर कुठं ओ-यू, शेवटी कुठं आय तर कुठं वाय. सोनवणेमध्ये कुठं डब्ल्यू कुठं व्ही. सुरतला काढलेला कागद असेल तर आडनाव आधी आणि नावाला भाई नाहीतर बेन चिकटलेलं, इथला सुरेश तिकडं सुरेशभाई, आणि कॉम्प्युटरच्या हिशोबानं ही दोन माणसं झाली. सातपुड्यात शिरपूर, चोपडा, यावलच्या वरच्या पाड्यांवर एकाच घरात एका भावाच्या कागदावर पावरा आणि दुसऱ्याच्या कागदावर बारेला, जमात एकच, कारण एकाचा दाखला इकडचा आणि दुसरा काही वर्षं मध्य प्रदेशात राहिलेला. फार्मर आयडी काढताना आधारवरचं नाव आणि सातबाऱ्यावरचं नाव ताडून बघतात. पॅन-आधार लिंक करताना नाव जुळत नाही म्हणून कितीतरी लोकांचं रखडलं, आणि जून 2023 ची मुदत गेल्यावर पॅन बंद पडलं ते पडलंच, वर चालू करायला हजार रुपये. शाळेत अपार आयडीला पण तेच, शाळेच्या रजिस्टरवरचं नाव आणि आधारवरचं नाव सारखं पाहिजे, नाहीतर आयडी तयार होत नाही, मग गुरुजी पालकाला पाठवतात आधार केंद्रावर, आधार केंद्रवाले म्हणतात जन्मदाखला आणा, जन्मदाखल्यावर तर बाळाचं नावच टाकलेलं नसतं.

आणि आधारवर नाव हवं तितक्या वेळा बदलता येत नाही, आयुष्यात दोनदाच. दुरुस्तीला 1 ऑक्टोबर 2025 पासून 75 रुपये आहेत, पैशाचं मी म्हणत नाही, पण कुणी घाईत पॅनशी जुळवायला एकदा बदललं, नंतर सातबाऱ्याशी जुळवायला दुसऱ्यांदा बदललं, की संधी संपली आणि बँक तिसऱ्याच नावावर बसलेली. म्हणून मी लोकांना सांगतो की आधी सगळे कागद शेजारी शेजारी मांडा, सगळ्यात जास्त ठिकाणी कुठलं स्पेलिंग आहे ते बघा, मग आधारला हात लावा. पण हे सांगायचं काम सरकारचं होतं ना?

बायकांचं दुखणं याहून मोठं आहे. माहेरचं नाव शाळेच्या दाखल्यावर, सासरचं रेशनकार्डावर, बँकेत कधी हे कधी ते. लाडकी बहीणची ई-केवायसी 2025 च्या सप्टेंबरमध्ये सुरू झाली तेव्हा बाईचं आधार आणि ओटीपी झाल्यावर नवऱ्याचा नाहीतर वडिलांचा आधार नंबर आणि त्यांच्या नंबरवर आलेला ओटीपी पण लागत होता. ज्या बाईचा नवरा वारला, वडील पण नाहीत, तिनं काय करायचं याचा रस्ता नंतर निघाला, मृत्यूचा दाखला अंगणवाडी ताईंकडे द्यायचा वगैरे. पण जिचा नवरा जिवंत आहे आणि घर सोडून निघून गेलाय, किंवा भांडून ओटीपी देतच नाही, ती आमच्याकडं येऊन बसायची तेव्हा मला काय बोलावं ते सुचत नसायचं. तिची ओळख तिची स्वतःची असायला पाहिजे. ती पटवायला दुसऱ्या माणसाचा फोन कशाला लागावा? राज्य सरकारनं 1 मे 2024 पासून जन्मलेल्या बाळाच्या नावात आईचं नाव घ्यायचं ठरवलं, आधी बाळाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव, हा निर्णय मला मनापासून आवडला. पण ऑनलाइन फॉर्म अजून जुनेच आहेत, तीन खाने, नाव, मधलं नाव, आडनाव. आईचं नाव कुठल्या खान्यात टाकायचं? एक जण मधल्या खान्यात दोन्ही टाकतो, दुसरा पहिल्या खान्यात बाळाला आणि आईला जोडून लिहितो, तिसरा आईचं सोडूनच देतो. ही पोरं पाच-सहा वर्षांची होऊन शाळेत जातील तेव्हा नाव जुळत नाही म्हणून परत रांगा लागणार, हे आत्ताच दिसतंय, आत्ताच चौथा खाना टाका.

इथं एक गोष्ट मुद्दाम लिहितो. देशातला पहिला आधार नंबर दिला गेला तो आपल्याच खान्देशात, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात, 29 सप्टेंबर 2010 ला, पंतप्रधान मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी स्वतः आले होते. म्हणजे ही सगळी व्यवस्था आपल्या मातीतून सुरू झाली. त्या काळात गावोगाव कॅम्प लागले तेव्हा मोबाइल नंबर देणं ऐच्छिक होतं. कित्येकांकडं मोबाइल नव्हताच, कुणी शेजाऱ्याचा दिला, कुणाचा कॅम्पवाल्या पोऱ्यानं मनानंच टाकला, कुणाचा खाना कोरा राहिला, आणि तेव्हा त्याचं काही बिघडलं नाही कारण सगळं अंगठ्यावर चालायचं. नंतर हळूहळू अंगठ्याची जागा ओटीपीनं घेतली. नियम बदलले पण त्या दिवशी जो नंबर पडला होता तो तसाच राहिला. अंगठ्याचं पण सांगायचं तर केळीच्या बागेत राबणाऱ्यांची बोटं चिकानं काळी पडलेली असतात, कापूस वेचणाऱ्या बायकांच्या बोटांवर रेषा राहिलेल्या नसतात, मशीन पाच-पाच वेळा लाल दिवा दाखवतं. डोळ्यांवर आणि चेहऱ्यावर ओळख पटवायची सोय आहे, ती सगळ्या ठिकाणी दिली पाहिजे.

या अडचणीतून जे रस्ते निघतात ते फार धोक्याचे आहेत आणि आमच्याच धंद्यातले आहेत म्हणून मी ते लपवणार नाही. कितीतरी केंद्रांवर एक जाड वही असते, तिच्यात गावातल्या लोकांचे युजर आयडी, पासवर्ड, आधार नंबर, कधी कधी बँकेचा पिन पण लिहिलेला असतो. ओटीपीची कटकट नको म्हणून फॉर्ममध्ये शेतकऱ्याच्या नंबरच्या जागी केंद्रवाला स्वतःचाच नंबर टाकतो. त्या दिवशी काम पटकन होतं, शेतकरी पण खूश. पण पुढं अर्जात त्रुटी निघाली, कागद परत मागवले, सात दिवसांत पूर्तता करा असा मेसेज आला की तो केंद्रवाल्याच्या फोनवर, शंभर मेसेजमध्ये एक. तो बघत नाही, शेतकऱ्याला कळत नाही, अर्ज बाद. आमच्या केंद्रावर मी वही ठेवत नाही आणि माझा नंबर कुणाच्या फॉर्मवर टाकत नाही, त्यावरून लोक माझ्यावर चिडतात, समोरच्या दुकानात पाच मिनिटांत होतं म्हणून उठून जातात, जाऊ देत.

मोबाइल दुकानातलं जीमेल हा तसाच प्रकार. नवीन फोन घेतला की दुकानातला पोऱ्या काउंटरवरच नवीन जीमेल काढून देतो, नाव जे सुचेल ते, पासवर्ड दुकानाचा ठरलेला एकच, जन्मतारीख 1 जानेवारी. गिऱ्हाइकाला आपल्या नावानं जीमेल आहे हेच माहीत नसतं. वर्षभरानं फोन हँग झाला, कुणीतरी बटणं दाबून रिसेट मारला, की फोन चालू होताना आधीचं गूगल अकाउंट मागतो, आणि ते नाही दिलं तर फोन पुढं जातच नाही, चोरीच्या फोनसाठी केलेलं लॉक आहे ते. मग फोन मालकाच्या हातात आणि कुलूप भलत्याच्या नावाचं. नातवंडांचे फोटो, मेलेल्या माणसाचे आवाज, सगळं त्या अकाउंटमध्ये. दुसरा फोन घेतला की दुसरं जीमेल, पहिलं तसंच पडून राहतं, आणि दोन वर्षं न वापरलेलं अकाउंट गूगल पुसू शकतं हा नियम 2023 च्या डिसेंबरपासून लागू आहे. एकेका माणसाची अशी चार-चार जीमेल झालीत आणि एकाचाही पासवर्ड माहीत नाही.

पोरांना वाटतं गूगलनं साइन इन केलं की झालं. ती सोय वाईट नाही, उलट तीच पद्धत बरोबर आहे, कारण त्यात त्या ॲपला तुमचा पासवर्ड मिळत नाही, गूगल फक्त सांगतं की हा माणूस तोच आहे आणि हे नाव, हा ईमेल. पण एकदा दिलेली परवानगी आपोआप संपत नाही हे कुणी सांगत नाही. गेमचं ॲप, क्रिकेटच्या पैजेचं ॲप, झटपट कर्जाचं ॲप, फोनमधून काढून टाकलं तरी अकाउंटशी जोडलेलंच राहतं. गूगलच्या सेटिंगमध्ये जोडलेल्या ॲपांची यादी दिसते, तिथून एकेक तोडता येतं. ही यादी माणसानं अधूनमधून उघडून बघितली पाहिजे. कर्जाच्या ॲपांचा तर विषयच वेगळा, ते फोनमधले कॉन्टॅक्ट मागतात आणि हप्ता चुकला की सोयऱ्याधायऱ्यांना फोन करून इज्जत काढतात, आपल्या भागातल्या पोरांनी हे भोगलंय.

यावर काही जण म्हणतात मग सगळंच एका नंबरवर आणा ना, एकच आयडी, एकच पासवर्ड, कटकट संपली. मला हे पटत नाही. एकाच कुलपामागं सगळं ठेवलं तर ते उघडणाऱ्याला सगळंच मिळतं, दवाखान्याचे रिपोर्ट, बँक, पोराचे मार्क, सगळं. 2017 मध्ये सुप्रीम कोर्टानं खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं सांगितलं, 2018 मध्ये आधारच्या निकालात बँक खातं आणि सीमकार्ड आधारला जोडायची सक्ती काढून टाकली, त्याला कारण होतं. शेतीच्या खात्याला माझा आजार कळायची गरज नाही आणि दवाखान्याला माझा सातबारा. वह्या वेगळ्या असू देत. माझं म्हणणं एवढंच आहे की नाव आणि नंबर बदलला तर तो बदल, माझ्या परवानगीनं, सगळ्या वह्यांत जावा.

आणि हे आपल्याला नवीन नाही. जमिनीचा फेरफार कसा होतो बघा. खरेदी झाली, वारस लागला, की तलाठी आप्पांकडं नोंद होते, ज्यांचा संबंध आहे त्यांना नोटीस जाते, हरकतीला पंधरा दिवस मिळतात, मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात आणि मग सातबाऱ्यावर नाव बदलतं. आधी कोण होतं, कधी बदललं, कुठल्या नंबरच्या फेरफारानं बदललं, सगळं लिहिलेलं राहतं. तसाच नाव-नंबरचा फेरफार पाहिजे. माणसानं एका ठिकाणी यावं, भिकन उर्फ बापू म्हणजे हाच, सुरेशभाई म्हणजे हाच सुरेश, जुना नंबर हा, नवीन हा, असं एकदा सिद्ध करावं, त्याला एक फेरफार नंबर मिळावा, आणि रेशन, शेती, बँक, पीएफ, शाळा यातलं कुठं कुठं कळवायचं ते त्यानं स्वतः टिक करावं. ज्या खात्याला कळवलं त्यानं ठराविक दिवसांत दुरुस्ती करावी नाहीतर लेखी कारण द्यावं. 2015 चा लोकसेवा हक्क कायदा आपल्या राज्यात आहेच, ही सेवा त्याच्या यादीत टाका.

तांत्रिकदृष्ट्या जमणार नाही असं कुणी म्हणू नये. मोबाइल कंपनी बदलली तरी नंबर तोच ठेवायची सोय जानेवारी 2011 मध्ये देशभर सुरू झाली तेव्हा पण कंपन्या कुरकुरत होत्या, आज ते एका मेसेजनं सुरू होतं. कागदपत्रं ऑनलाइन ठेवायचं सरकारी डिजिलॉकर 2015 पासून आहे. एकाच लॉगिननं वेगवेगळ्या सरकारी सेवांत जायची मेरी पहचान नावाची सोय केंद्र सरकारनं 2022 मध्ये सुरू केली, तरी आमच्या टेबलावर येणाऱ्या बहुतेक कामांना आजही वेगळा युजर आयडी आणि वेगळा पासवर्ड लागतो, त्यात एक मोठं अक्षर, एक आकडा आणि एक चिन्ह. सत्तर वर्षांच्या आजीनं तो लक्षात ठेवायचा. पीएफवाल्यांनी जानेवारी 2025 मध्ये आधारनं पडताळलेल्या बऱ्याच सभासदांना नाव, जन्मतारीख अशी दुरुस्ती कंपनीच्या सहीशिवाय करू दिली, त्यामुळे कंपनी सोडून गावी आलेल्या पोरांची अडकलेली कामं सुटली. लोकांची खाजगी माहिती जपायचा 2023 चा डिजिटल डेटाचा कायदा पण आहे, त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले, टप्प्याटप्प्यानं लागू होताहेत. आपली माहिती दुरुस्त करून मागायचा, पुसून मागायचा, दिलेली परवानगी परत घ्यायचा हक्क त्यात लिहिलाय, आणि परवानगी देणं जितकं सोपं तितकंच परत घेणं सोपं पाहिजे असंही लिहिलंय. कायद्यात लिहिलेलं आमच्या बाजारच्या दिवसापर्यंत यायला पाहिजे.

जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांच्या कलेक्टर साहेबांना माझी विनंती आहे की दर तालुक्याच्या आठवडी बाजाराच्या दिवशी एक टेबल फक्त दुरुस्तीसाठी लावा. योजनेचा फॉर्म नको, उद्दिष्ट नको, नुसती दुरुस्ती. आधार किट, तलाठी, बँकेचा माणूस आणि शाळेचे केंद्रप्रमुख एकाच मांडवात बसले तर जो माणूस आज चार ठिकाणी चार दिवस फिरतो त्याचं एका दुपारी होईल. धडगाव, अक्कलकुवा, शिरपूरच्या वरच्या भागात पावरी, भिली बोलणारा माणूस पण तिथं बसवा, कारण नाव कसं लिहायचं हे बोलणाऱ्यालाच विचारावं लागतं, निम्मे घोळ लिहिणाऱ्यानं मनानं लिहिल्यामुळं झालेत. होळीच्या आधी लावा, तेव्हा बाहेरगावी गेलेले सगळे घरी येतात. आणि सेवा केंद्रांची तपासणी करताना फलक लावलाय का, दरपत्रक लावलंय का एवढंच बघू नका, पासवर्डची वही आहे का आणि फॉर्मवर कुणाचा नंबर टाकलाय ते पण बघा.

आपल्या पेपरला पण एक विनंती आहे. जेव्हा जेव्हा केवायसीच्या मुदतीची बातमी द्याल तेव्हा सोबत एक छोटी चौकट द्या. आधारच्या वेबसाइटवर आधार नंबर तपासला की जोडलेल्या मोबाइलचे शेवटचे तीन आकडे दिसतात, आपला नंबर तोच आहे का ते कळतं. दूरसंचार खात्याच्या संचार साथी पोर्टलवर आपल्या नावावर किती सीम चालू आहेत ते दिसतं, आपलं नसेल तर तिथूनच कळवता येतं. आपलं आधार मागच्या सहा महिन्यांत कुठं कुठं वापरलं गेलं ते पण आधारच्याच साइटवर बघता येतं, अंगठा लॉक करून ठेवता येतो आणि काम असेल तेव्हा उघडता येतो. झेरॉक्स देताना पूर्ण नंबराऐवजी शेवटचे चारच आकडे दिसणारं आधार डाउनलोड करून देता येतं. आणि ऑनलाइन फसवणुकीत पैसे गेले तर लगेच 1930 या सायबर हेल्पलाइनला फोन. हे सगळं फुकट आहे, त्याला एजंट लागत नाही, आणि आमच्यासारख्या केंद्रवाल्यानं त्याचे पैसे मागितले तर देऊ नका, असंही त्या चौकटीत ठळक छापा.

आपला वाचक,
एक सेवा केंद्रचालक, ता. चोपडा, जि. जळगाव
(नाव आणि पत्ता पत्रासोबत दिला आहे, छापू नये)